बिरुद, बिदागी आणि पुरस्कार

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत मला बोलावले, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. मी मराठीचा अध्यापक. संगीताच्या बाबतीत माझा अधिकार केवळ श्रोत्याचा. मैफलीत मागच्या रांगेत बसून ऐकणारा, समेवर मान हलवणारा आणि क्वचित तीही चुकवणारा असा मी श्रोता आहे. तरीही हा विषय मी पत्करला, कारण शताब्दीवर्षापासून वाचनालयाने एक संगीत-पुरस्कार सुरू करावा असा विचार मंडळात चालू असल्याचे मला निमंत्रणाच्या वेळी सांगण्यात आले. विचार स्तुत्य आहे. परंतु पुरस्कार सुरू करण्यापूर्वी पुरस्कार म्हणजे काय, तो कोणी, केव्हा आणि कशासाठी द्यावयाचा, याचा थोडा ऊहापोह व्हावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आरंभ आपल्याच भागातील एका प्रसंगाने करतो. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्या अधिवेशनात स्वागतपर गीत गाणाऱ्या मुलींमध्ये धारवाडहून आलेली अकरा वर्षांची एक मुलगी होती. गाणे झाले, थोरामोठ्यांनी कौतुकही केले. पण त्या मुलीच्या मनात धास्ती वेगळीच होती. आपल्या जातीमुळे आपल्याला पंगतीतली उष्टी काढायला सांगतील की काय, अशी भीती त्या दिवशी वाटत होती, असे तिने पुढे मोठेपणी सांगितले आहे. ती मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००२ साली पद्मविभूषण. बेळगावच्या त्या मंडपापासून पद्मविभूषणापर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली. त्या अकरा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कशाची गरज होती? पदकाची खासच नव्हती. तू आमच्या पंगतीला बस, एवढे कोणी म्हणाले असते, तर तोच तिचा पहिला पुरस्कार ठरला असता. सन्मान या शब्दाचा मूळ अर्थ मला या प्रसंगात सापडतो.

आता थोडे मागे जाऊ. पुरस्कार हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाने तो आपल्या संगीताच्या व्यवहारात अलीकडचा आहे. पूर्वी दोन शब्द होते, बिदागी आणि बिरुद. बिदागी दरबाराकडून किंवा यजमानाकडून मिळे. तीत रोख रक्कम असे, शालजोडी असे, क्वचित हातात तोडा चढे. तिच्यावर कलावंताचे घर चाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला. त्या आश्रयाच्या आधाराने जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या परिसरात रुजली. बिदागीचा हिशेब राजाच्या मर्जीवर असे, हा तिचा दोष. पण गाणे चालू असताना ती मिळे, गवई गात असलेल्या वयात मिळे, हा तिचा गुण आपण विसरता कामा नये.

बिरुदाची गोष्ट निराळी. ते देण्यासाठी संस्थान लागत नसे, समिती लागत नसे. नारायण श्रीपाद राजहंस हे नाव किती जणांच्या तोंडी आहे? लोकमान्य टिळकांनी लहान वयात दिलेले 'बालगंधर्व' हे बिरुदच त्यांचे नाव झाले. कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर गायला उभे राहिले आणि वऱ्हाडातील रसिकाग्रणी दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले, असे सांगतात. तेव्हापासून ते सवाई गंधर्वच झाले. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेल्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी या मुलाला बालवयातच एका मठाधिपतींनी 'कुमारगंधर्व' हे बिरुद दिले. पुढे मूळ नाव चरित्रकारांपुरते उरले. केसरबाई केरकरांना १९४८ साली कोलकात्याच्या रसिकांनी 'सुरश्री' म्हणून गौरविले, तो शब्द आजही त्यांच्या नावाआधी आपोआप येतो.

याच्या शेजारी एक कायद्याची गोष्ट ठेवून पाहू. आपल्या संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. १९५४ साली भारतरत्न आणि पद्म सन्मान सुरू झाले, तेव्हा हे किताबच नव्हेत काय, असा प्रश्न निघाला आणि तो अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५ च्या डिसेंबरात न्यायालयाने निर्णय दिला, की हे सन्मान किताब नाहीत, म्हणून ते देता येतील. मात्र ते मिळालेल्या व्यक्तीने आपल्या नावाच्या मागेपुढे त्यांचा वापर करू नये. निमंत्रणपत्रिका छापताना हा निर्णय आपण सारे बिनदिक्कत मोडतो, ते असो. पण त्यातून एक मौज लक्षात येते. राज्यसत्तेने दिलेला सन्मान नावाला चिकटवू नये, असा कायदा आहे. रसिकाने दिलेले बिरुद मात्र नावालाच गिळून टाकते आणि त्याला कोणताही कायदा अडवीत नाही. पुरस्काराची खरी कसोटी मला येथे दिसते. दिलेला सन्मान लोकांच्या जिभेवर राहतो की भिंतीवरच्या चौकटीत राहतो, हे देणाऱ्याच्या हाती नसते.

याचा अर्थ राजमान्यतेला मोल नाही असे मी म्हणत नाही. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, दरबार गेले, आणि गवयाचा आश्रयच नाहीसा झाला. त्या वेळी आकाशवाणी आणि संगीत नाटक अकादमी या दोन संस्थांनी शास्त्रीय संगीताला आधार दिला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. अकादमीने १९५२ साली पहिले पुरस्कार दिले, त्यांत उस्ताद अल्लाउद्दीनखाँ होते. १९५३ साली केसरबाईंना आणि १९५५ साली बालगंधर्वांना तो मिळाला. पण बालगंधर्वांच्या बाबतीत हे वर्ष पाहा. त्यांचा ऐन बहर पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचा. पुरस्कार आला तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. पद्मभूषण आले १९६४ साली आणि १९६७ साली ते गेले. अखेरची वर्षे किती हलाखीची गेली, हे आपण सारे जाणतो.

उशीर हाच पुरस्कारांचा जुनाट आजार आहे, आणि तो केवळ आपल्याकडचा नाही. जगाकडे दृष्टी टाकली तर हेच चित्र दिसते. अमेरिकेत पुलित्झर पारितोषिक संगीतासाठी १९४३ पासून दिले जाते. १९६५ साली परीक्षकांनी जॅझ संगीतातील थोर रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांचा विशेष गौरव व्हावा अशी शिफारस केली. नियामक मंडळाने ती फेटाळली. एलिंग्टन १९७४ साली वारले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९९ साली, त्याच पारितोषिकाने त्यांचा मरणोत्तर विशेष गौरव केला. गौरव झाला, पण तो स्वीकारायला कलावंत नव्हता. वॉर्साला १९२७ पासून पियानोवादनाची शोपँ स्पर्धा भरते. १९८० साली ईव्हो पोगोरेलिच नावाच्या तरुण वादकाला अंतिम फेरीपूर्वीच वगळले गेले, तेव्हा परीक्षक मंडळातील मार्था आर्गेरिच या स्वतः त्या स्पर्धेच्या पूर्वीच्या विजेत्या असूनही निषेध म्हणून मंडळातून बाहेर पडल्या. वगळला गेलेला तो वादक पुढे जगभर ऐकला गेला. कौल देणारी माणसे चुकू शकतात, आणि चूक झाली तर उठून उभे राहणारा एखादा परीक्षक तरी असावा, हा त्यातला धडा आहे.

आपल्याकडे ज्याची बातमी पहिल्या पानावर येते, तो ग्रॅमी पुरस्कार १९५९ साली सुरू झाला. त्याचे नावच ग्रामोफोनवरून आले आहे. तो ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाने ध्वनिमुद्रणाला दिलेला पुरस्कार आहे. समोर बसलेल्या श्रोत्यांच्या दादेने फुलत जाणारी मैफल त्याच्या कक्षेत येत नाही. पंडित रविशंकरांना १९६८ साली येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरच्या वादनासाठी तो मिळाला, १९९४ साली विश्वमोहन भट्ट यांना मिळाला आणि २०२४ साली उस्ताद झाकीर हुसेन यांना एकाच समारंभात तीन ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. नोबेल पारितोषिकांत संगीत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून स्वीडनमध्ये १९८९ साली पोलर पारितोषिकाची स्थापना झाली आणि १९९२ पासून ते दिले जाऊ लागले. १९९८ साली ते रविशंकरांना मिळाले. त्याची कल्पना आणि देणगी स्टिग अँडरसन या गीतलेखक आणि प्रकाशकाची. ज्या व्यवसायातून पैसा मिळाला त्याच्याकडेच तो परत वळवावा, ही त्यामागची वृत्ती मला मोलाची वाटते. आपल्या तंबाखूच्या पेठेतही असे दाते होऊन गेले. हे वाचनालय त्याची साक्ष आहे.

पुरस्कार घेण्याइतकाच नाकारण्याचाही एक इतिहास आहे. सतारनवाज उस्ताद विलायतखाँ यांनी १९६४ साली पद्मश्री, १९६८ साली पद्मभूषण आणि २००० साली पद्मविभूषण असे तिन्ही सन्मान नाकारले. माझ्या वादनाची पारख करण्याचा निवड करणाऱ्यांना अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका होती. काहींना ती अहंता वाटली. मला मात्र त्यात एक रास्त प्रश्न दिसतो. पुरस्कार देणारा हा त्या क्षणापुरता घेणाऱ्याहून वरच्या आसनावर बसतो. त्या आसनाची पात्रता कोण तपासणार?

नकाराचे दुसरे उदाहरण अधिक उपकारक ठरले. चित्रपटसृष्टीतील फिल्मफेअर पुरस्कार १९५४ पासून सुरू झाले, पण त्यांत पार्श्वगायनाला स्थानच नव्हते. संगीतकाराला पुरस्कार मिळे आणि त्याचे गाणे समारंभात गाण्यासाठी गायिकेला बोलावणे जाई. लता मंगेशकरांनी अशा एका समारंभात गायला नकार दिला. ज्या पुरस्कारात गायकाला जागा नाही, तिथे गायकाने शोभेसाठी का गावे, हा त्यांचा सवाल होता. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार प्रथमच दिला गेला आणि तो लताबाईंनाच मिळाला. पुढे हा पुरस्कार नव्यांना मिळावा म्हणून त्यांनी स्वतःला त्या स्पर्धेतून दूर केले. मागणे स्वतःपुरते नव्हते, हे त्यांनी असे कृतीने दाखवले. सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात बालपण काढलेल्या या गायिकेचा हा पुरस्कारांच्या इतिहासातील वाटा तिच्या गाण्याइतका बोलला जात नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितला.

आता आपल्या दाराशी येतो. मल्लिकार्जुन मन्सूर हे धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, मातृभाषा कन्नड. गाणे शिकण्यासाठी ते मिरजेला नीलकंठबुवांकडे राहिले. पुढे अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि त्यांच्या निधनानंतर बुर्जीखाँ यांच्याकडून त्यांनी जयपूर घराण्याची विद्या घेतली. म्हणजे कोल्हापुरात रुजलेले झाड धारवाडात फळाला आले. त्यांना पद्मश्री मिळाली १९७० साली, साठीच्या उंबरठ्यावर. पद्मविभूषण मिळाले १९९२ साली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते निवर्तले. त्याच वर्षाच्या आरंभी, १२ जानेवारीला, देवासला कुमारजी गेले. कुमारजींचे आयुष्य तर या विषयावरचे भाष्यच आहे. बालवयात बिरुद मिळाले, सभा गाजल्या. ऐन तारुण्यात क्षयाने गाठले आणि १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला जाऊन राहिले. पुढली काही वर्षे गाणे बंद. अंथरुणाला खिळलेल्या त्या गवयाला तेव्हा कोणता पुरस्कार मिळाला? पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा, औषध आणि खिडकीबाहेरून कानावर येणारी माळव्याची लोकगीते. त्या काळातल्या चिंतनातून जे गाणे पुढे आले, त्याला १९७४ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण. राष्ट्राने फळाचा सन्मान केला, हे योग्यच झाले. पण झाडाला पाणी घालण्याच्या दिवसांत हजर कोण होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पंडित भीमसेन जोशी हे तर दोन्ही राज्यांनी आपले म्हटलेले गायक. गदगकडच्या मुलुखातला हा मुलगा १९३३ साली गाण्याच्या ओढीने घरातून निघून गेला, भटकून परतला आणि कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकला. आयुष्य पुण्यात गेले. अभंग गावेत त्यांनी आणि कन्नड दासवाणी गावी तीही त्यांनीच. २००२ साली महाराष्ट्र भूषण, २००५ साली कर्नाटक रत्न आणि २००८ साली भारतरत्न, असा तिहेरी मान त्यांना मिळाला. ज्याची कीर्ती आभाळाला टेकली आहे, त्याच्याबाबत सीमेचा वाद उरत नाही. दोन्ही बाजू हात पुढे करतात. सीमेची झळ लागते ती लहान कलावंताला. त्याला दोन्ही बाजू हात आखडतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गल्लीत एक पेटीमास्तर होते. दिवसा तंबाखूच्या वखारीत कारकुनी आणि संध्याकाळी घरच्या सोप्यावर मुलांची शिकवणी. गावातील भजनी मंडळे, मेळ्यांची पदे, हौशी नाटकांची पार्श्वसाथ, सगळीकडे त्यांची पेटी असे. मीही दोन वर्षे त्यांच्यापुढे बसलो. माझ्या बोटांत काही नाही हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखले, पण कानाला वळण लावल्याखेरीज सोडले नाही. उतारवयात त्यांच्यासाठी वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज मी स्वतः लिहिला. एका बाजूच्या कचेरीने कळवले, की अर्जदार आमच्या राज्याचा रहिवासी नाही. दुसऱ्या बाजूच्या कचेरीने विचारले, की कार्यक्रमांचे पुरावे सगळे परराज्यातील कसे? खरेच होते. घर अलीकडे, आणि साथीला जाणे कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजला. जुन्या पत्रिका आणि फोटो जोडलेले ते बाड दोन वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि शेवटी माझ्याच कपाटात येऊन विसावले. ते आजही तिथे आहे.

पुढे मास्तरांचा एकदा जाहीर सत्कार झाला. वय त्र्याऐंशी. शाल, श्रीफळ, मानपत्र, चार वक्त्यांची भाषणे. मास्तरांना तोवर अजिबात ऐकू येईनासे झाले होते. व्यासपीठावर ते हात जोडून बसले होते. घरी सोडायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "काय म्हणालं रं पाव्हणं माझ्याबद्दल?" मी कानाशी तोंड नेऊन मोठ्याने चार वाक्ये सांगितली. ती त्यांच्यापर्यंत किती पोहोचली कोण जाणे. मग शालीवरून हात फिरवीत ते म्हणाले, "शाल झ्याक हाय. पर पेटीचा भाता फुटलाय बघ. त्येचं कायतरी केलं असतं, तर पोरं तरी शिकली असती." घरात तशा सहा-सात शाली घडी घालून ठेवलेल्या होत्या आणि कोपऱ्यात भाता फुटलेली पेटी मुकी पडली होती. मास्तर त्यानंतर वर्षभरात गेले. पेटी दुरुस्त करून घ्यायचे माझ्याही मनात आले नाही, ही खंत मी या व्यासपीठावरून बोलून दाखवतो. कारण सत्काराला टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

श्रोतेहो, असे मास्तर प्रत्येक गावात होते आणि आहेत. त्यांच्यासारख्यांना उशीर होतो, याची जाणीव राष्ट्रीय पातळीवरही झाली आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि तोवर राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या कलावंतांसाठी संगीत नाटक अकादमीने एकदाच देण्याचे अमृत पुरस्कार जाहीर केले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ते दिले. दुसऱ्या टोकाला, चाळिशीच्या आतील कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्लाखाँ यांच्या नावाचा युवा पुरस्कार २००६ पासून आहे. ही दोन्ही पावले उचित आहेत. पण अकादमीची नजर पोहोचून पोहोचून किती पोहोचणार? गल्लीतल्या पेटीचा भाता फुटला आहे, हे दिल्लीला कसे दिसणार? ते गल्लीलाच दिसते. म्हणून लहान संस्थेचे काम मोठ्या संस्थेची लहान प्रतिकृती होणे हे नाही. तिचे काम वेगळे आहे.

या दृष्टीने वाचनालयाच्या संकल्पित पुरस्काराबद्दल चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना काळाची. हा पुरस्कार शिखरावर पोहोचलेल्याला देऊ नये. त्याला देणारे पुष्कळ आहेत. शिकत असलेल्या एका मुलाला किंवा मुलीला तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम मिळावी आणि गुरूच्या गावी जाण्यायेण्याचा खर्च मिळावा. गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकत. तिकिटाअभावी थांबलेली शिकवणी किती असतील, याची नोंद कोणत्याही संगीताच्या इतिहासात नाही.

दुसरी सूचना वस्तूची. स्मृतिचिन्हाऐवजी वाद्य द्यावे, किंवा असलेले वाद्य दुरुस्त करून द्यावे. मिरज आपल्यापासून दूर नाही. तेथील सतार आणि तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा घासून, पडदे बांधून, जवारी लावून देणाऱ्या कारागिराच्या हातून घडलेला तानपुरा मुलाच्या घरी गेला, तर एका पुरस्कारात दोघांचा मान होईल.

तिसरी सूचना आपल्या वाचनालयाच्या धर्माला धरून आहे. आपण शंभर वर्षे पुस्तके जपली. आता या परिसरातील आवाज जपावेत. भजनी मंडळातील वयस्क गायक, शाहिरीची परंपरा सांगणारे, ओव्या म्हणणाऱ्या बाया, सनईवादक, पेटीमास्तर यांना येथे बोलवावे, मानधन द्यावे, त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित करावे आणि पुस्तकाप्रमाणे दाखलअंक घालून ते सभासदांना ऐकायला द्यावे. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील संगीताची एक तबकडी गेली. तीत केसरबाईंची भैरवी आहे. ती कोणा पुरस्कार-समितीने दिलेली पदवी नव्हती. कोणी तरी त्यांचे गाणे पूर्वी मुद्रित केले होते, जपले होते, म्हणून निवडणाऱ्याच्या कानावर ते येऊ शकले. जतन करणे हाही सन्मानाचाच एक प्रकार आहे, आणि तो ग्रंथपालाइतका कोणाला समजणार?

चौथी सूचना अवघड आहे. ती बोलावी की नाही, याचा मी बराच विचार केला. या पुरस्काराला राज्याची अट नसावी आणि मातृभाषेचीही नसावी. काही ज्येष्ठ सभासदांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागाने काय सोसले, हे मला कोणी सांगायला नको. मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. मराठी शाळेचा वर्ग ओस पडताना पाहिला की माझ्या पोटात तुटते. भाषेचा हक्क आपण सोडलेला नाही आणि सोडू नये. परंतु हक्क मागणे वेगळे आणि विद्या देताना दार लावून घेणे वेगळे. मिरजेत मल्लिकार्जुनाला आणि मुंबईत देवधर मास्तरांकडे शिवपुत्राला कोणी मातृभाषा विचारली असती, तर आज आपण काय ऐकले असते? उलट सवाई गंधर्वांना मराठी रंगभूमीने भाषा विचारली असती, तर मराठी नाट्यसंगीत कितीने उणे झाले असते? आपल्या मास्तरांचा अर्ज दोन कचेऱ्यांनी ज्या कारणासाठी परत केला, तेच कारण आपण आपल्या नियमावलीत लिहिणार आहोत काय? एखाद्या कन्नडभाषक घरातली मुलगी आपल्या शिष्यवृत्तीवर शिकून उद्या मराठी पद गाईल, तर त्यात मराठीची हानी कोणती? माझ्या मते मराठीचे मोठेपण सिद्ध करण्याचा तो एक सभ्य मार्ग आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. या पुरस्कारासाठी कलावंताकडून अर्ज मागवू नये. आपण शोधत जावे. अर्ज लिहिणे ही एक स्वतंत्र कला आहे, आणि ती ज्यांना साधते त्यांना गाणे साधतेच असे नाही.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी गवई गातात, हे आपणांपैकी अनेकांनी ऐकले-पाहिले असेल. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीमखाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांचे दफन त्याच आवारात झाले. मोठमोठे गायक-वादक तेथे येतात आणि त्या गाण्याला 'हजेरी' म्हणतात. कोणी कोणाला पदक देत नाही. गाणारा खाली बसतो, ऐकणारा खाली बसतो. देणारा वरच्या आसनावर आणि घेणारा खाली, ही पुरस्काराची मांडणी तेथे नाहीशी झालेली असते. आपला पुरस्कार त्या हजेरीच्या जितका जवळ जाईल तितका तो शोभेल.

वाचनालयाचा पुरस्कार सुरू होईल तेव्हा पहिल्या वर्षी फार मोठी रक्कम जमणार नाही, हे उघड आहे. त्याची चिंता नसावी. मास्तरांची ती पेटी त्यांच्या घरच्यांनी मागच्या दिवाळीत माझ्या स्वाधीन केली. भाता फुटलेलाच आहे, दोन सूर बसले आहेत. ती दुरुस्त करून घेण्याचा खर्च मी करतो आणि पुरस्कारनिधीतील पहिली वस्तू म्हणून ती आज वाचनालयाकडे सुपूर्द करीत आहे. तिच्यावर कोणाचेही नाव घालू नये. शिकायला येणाऱ्या पहिल्या मुलापुढे ती ठेवावी, एवढीच विनंती.